ध्वनीचा लगाम

वेरूळला येणारा पर्यटक दहाव्या लेण्यात शिरला की एक गोष्ट हमखास करतो. तोंडाने काहीतरी आवाज काढून पाहतो. कुणी ओंकार लावतो, कुणी नुसती टाळी वाजवतो, लहान मुले स्वतःचेच नाव घेऊन हाक मारतात. सातव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या चैत्यगृहाचे छत कमानदार आहे आणि लाकडी घराला असाव्यात तशा फासळ्या त्याला दगडातून काढलेल्या आहेत. म्हणून तर त्याला ‘सुताराची झोपडी’ असे नाव पडले. या छताखाली काढलेला आवाज लगेच विरत नाही. तो घुमतो, भिंतींना लागतो आणि थोडा भारदस्त होऊन आपल्याकडेच परत येतो.

पण श्रोतेहो, याच डोंगरात असेही रहिवासी आहेत, ज्यांचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. अंधाऱ्या लेण्यांत आणि पलीकडे दौलताबादच्या किल्ल्यातल्या ‘अंधारी’त वटवाघळे राहतात. मिट्ट काळोखात ती भिंतीला न धडकता उडतात, ती अशाच परत येणाऱ्या आवाजाच्या आधारावर. माणसाचा कान सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. त्यापलीकडचा आवाज आपल्यासाठी शांतताच असतो. शास्त्राच्या पुस्तकात त्याला ‘श्राव्यातीत ध्वनी’ म्हणतात. आपल्या ओळखीचा त्याचा अवतार म्हणजे दवाखान्यातली सोनोग्राफी.

आज मला या न ऐकू येणाऱ्या आवाजाचा इतिहास सांगायचा आहे. कारण हा आवाज आता कर्करोगाच्या उपचारात एक नवे काम करू पाहतो आहे. शरीरात सोडलेल्या लढाऊ पेशींना ‘इथे लढा’ असे सांगण्याचे आणि बाकी सगळीकडे त्यांना शांत ठेवण्याचे. मी डॉक्टर नाही. पदवी बी.ए.ची आणि नाद कवितेचा. पण आवाज हा कवीचाही कच्चा माल असतो, म्हणून या विषयाकडे ओढला गेलो. वाचत गेलो तसे एक सूत्र पुन्हा पुन्हा दिसले. ताकद माणसाच्या हाती आधी येते, लगाम मागून येतो. आणि मधल्या काळाची किंमत कुणीतरी मोजत असते.

वटवाघळापासूनच सुरुवात करू. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतले धर्मगुरू आणि निसर्गअभ्यासक स्पालांझानी यांनी पाहिले की डोळे गेलेले वटवाघूळही अंधारात बिनचूक उडते. जिनिव्हाचे शल्यवैद्य ज्युरिन यांनी वटवाघळाचे कान बंद केले, तेव्हा मात्र ते धडपडले. म्हणजे वटवाघूळ कानाने पाहते, असे म्हणायची वेळ आली. लोकांनी या निष्कर्षाची टिंगल केली. तब्बल १४० वर्षांनी, १९३८ साली, हार्वर्ड विद्यापीठातला डोनाल्ड ग्रिफिन हा विद्यार्थी आपली वटवाघळे घेऊन पिअर्स नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला. पिअर्स यांच्याकडे श्राव्यातीत ध्वनी टिपणारे यंत्र होते. शांत वाटणारी ती वटवाघळे प्रत्यक्षात सतत ओरडत होती.

असा आवाज माणसाला तयार करता आला तो एका वेगळ्याच वाटेने. १८८० साली पॅरिसमध्ये पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी दाखवले की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यात वीज निर्माण होते. पुढच्याच वर्षी याचे उलटेही खरे ठरले. वीज दिली की स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो. म्हणजे वीज वेगाने उलटसुलट केली की स्फटिक थरथरतो आणि त्यातून आवाज निघतो. आजही सोनोग्राफी करताना डॉक्टर पोटावर जे फिरवतात, त्याच्या आत असाच थरथरणारा पदार्थ असतो. सेकंदाला वीस लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपने. तोच आवाज पाठवतो, तोच परत आलेला आवाज ऐकतो.

या शोधाचा पहिला मोठा उपयोग युद्धात झाला. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या. पाण्याखाली दडलेली पाणबुडी शोधायची कशी? पिएर क्यूरींचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या आधारे पाण्यात आवाज सोडून त्याचा पडसाद टिपण्याचे तंत्र उभे केले. या प्रयोगांत त्यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. आवाजाच्या झोतात आलेले मासे मरत होते, आणि पाण्यात हात घातला तर हात दुखत होता. श्रोतेहो, ही नोंद लक्षात ठेवावी अशी आहे. हा आवाज नुसता पाहत नाही, तो करतोही. त्याच्यात नजर आहे तशीच ताकदही आहे. पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास या दोन गुणांचाच आहे.

आधी नजरेची गोष्ट. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयन डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. जहाजे आणि बॉयलर बांधणाऱ्या कारखान्यांत धातूच्या आत कुठे तडा आहे हे श्राव्यातीत ध्वनीने शोधतात, हे त्यांना ठाऊक होते. १९५५ साली ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून अशाच एका कारखान्यात गेले आणि धातू तपासायच्या यंत्राने त्या गाठी तपासून पाहिल्या. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचा पडसाद वेगळा येत होता. टॉम ब्राउन हा तरुण अभियंता त्यांना येऊन मिळाला आणि यंत्र माणसासाठी घडू लागले. त्या काळातली एक हकिकत प्रसिद्ध आहे. एका बाईंना पोटाचा असाध्य कर्करोग आहे, असे निदान झाले होते. डोनाल्ड यांच्या यंत्राने सांगितले की पोटात आहे ती पाण्याची मोठी गाठ. शस्त्रक्रिया झाली, अंडाशयाची साधी गाठ निघाली आणि बाई वाचल्या. ७ जून १९५८ रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. आधुनिक सोनोग्राफीचा जन्म साधारणपणे तिथून धरतात. बाळंतपणात अडलेल्या किती बायका आणि किती बाळे या यंत्राने वाचवली, त्याची गणती नाही.

आता हीच नजर आपल्या महाराष्ट्रात आल्यावर काय झाले, तेही सांगितले पाहिजे. गर्भाचे व्यंग शोधण्यासाठी आलेल्या तपासण्या गर्भाचे लिंग शोधण्यासाठी वापरल्या जाऊ लागल्या. आधी गर्भजल तपासणी, मग सोनोग्राफी. मुंबईतल्या स्त्री-संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते १९८०च्या दशकात याविरुद्ध उभे राहिले आणि १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९६पासून लागू झाला. तो नुसता कागदावर राहतो आहे हे पाहून मुंबईची ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ साली कायदा आणखी कडक झाला.

तरीही २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. २००१ साली हाच आकडा ९१३ होता. आमच्या मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात तो ८०७पर्यंत घसरला होता. यात यंत्राचा दोष काय? यंत्राने फक्त पडसाद दाखवला. लगाम यंत्रात नव्हता, तो माणसाच्या हातात होता, आणि माणसाने तो सैल सोडला. कायदा आला तोवर बरीच वर्षे निघून गेली होती. ती किंमत कुणी मोजली, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

आता आवाजाच्या ताकदीकडे वळू. बहिर्गोल भिंगाने सूर्याचे किरण एका बिंदूवर आणले की कागद जळतो, हा खेळ आपण सगळ्यांनी शाळेत केलेला आहे. भिंग स्वतः तापत नाही, मधली हवाही तापत नाही, तापतो तो बिंदू. आवाजाचेही तसेच आहे. वाडग्यासारख्या खोलगट पृष्ठभागातून निघालेला आवाज एका ठिकाणी गोळा होतो. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या भावांनी या तंत्राने मेंदूच्या आतल्या अगदी छोट्या जागेवर नेम धरून दाखवला. पुढे गर्भाशयातल्या गाठी अशा गोळा केलेल्या आवाजाने जाळण्याच्या यंत्राला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. त्वचेवर चीर नाही, टाका नाही. आवाज आत जातो आणि नेमक्या जागी ऊब निर्माण करतो. ही ऊब पुढे फार उपयोगाला येणार आहे.

इथे आपण ध्वनीला थोडा वेळ थांबवू आणि कथेतल्या दुसऱ्या पात्राला बोलावू. ते पात्र म्हणजे आपल्या रक्तातली लढाऊ पेशी. तिचे नाव ‘टी पेशी’. शरीरात शिरलेल्या रोगजंतूंना आणि बिघडलेल्या पेशींना ओळखून मारणे हे तिचे काम. पण कर्करोगाची पेशी आपल्याच शरीरातली असते. तिचा चेहरा घरच्या माणसासारखा असल्यामुळे पहारेकरी फसतो. १९८९ साली इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतले झेलिग एश्हार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती दाखवली. टी पेशीच्या जनुकात बदल करून तिच्या अंगावर एक कृत्रिम हूक बसवायचा, जो ठरावीक खुणेच्या पेशीलाच अडकेल. पुढे याच युक्तीतून ‘कार-टी’ उपचार निघाला. रुग्णाचे रक्त काढायचे, त्यातल्या टी पेशी वेगळ्या करायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून नवे जनुक त्यांच्यात पोचवायचे, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवायची आणि सलाइनसारख्या त्या पुन्हा रुग्णाच्या शिरेत सोडायच्या. रुग्णाचेच सैनिक, पण नव्याने शिकवलेले.

२०१२ साली अमेरिकेत एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला हा उपचार दिला गेला. तिचा रक्ताचा कर्करोग कोणत्याच औषधाला दाद देत नव्हता. पेशी सोडल्या आणि काही दिवसांत ती मुलगी मरणाच्या दारात गेली. कर्करोगामुळे नव्हे, उपचारामुळे. नव्या पेशी इतक्या जोमाने लढू लागल्या की त्यांनी सोडलेल्या रसायनांनी शरीरात वादळ उठवले. ताप, फुप्फुसे निकामी, श्वासाला यंत्र. हा उपचार विकसित करणारे डॉ. कार्ल जून यांना आपल्या मुलीच्या संधिवातावरचे एक औषध माहीत होते. रक्ताच्या तपासणीत त्या औषधाने रोखता येईल असे एक रसायन अतोनात वाढलेले दिसले. औषध दिले आणि वादळ शमले. एमिली बरी झाली. २०१७ साली अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. पण विचार करा, त्या मुलीचे आयुष्य किती बारीक धाग्याला लटकले होते! एका बापाला आपल्या लेकीच्या आजारामुळे एका औषधाचे नाव ठाऊक होते, हा तो धागा.

सगळ्यांच्या नशिबी तो धागा नव्हता. अमेरिकेतच आतड्याचा कर्करोग पसरलेल्या एका रुग्णावर असाच उपचार झाला होता. त्याची हकिकत २०१० साली प्रसिद्ध झाली. ज्या खुणेवर पेशींना सोडले होते ती खूण कर्करोगाच्या पेशींवर भरपूर होती, पण फुप्फुसातल्या निरोगी पेशींवरही थोडीशी होती. पेशी आधी फुप्फुसात पोचल्या. पंधरा मिनिटांत श्वास कोंडू लागला आणि पाच दिवसांनी रुग्ण गेला. पेशींनी शिकवलेलेच काम केले होते. कुठे करायचे नाही, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते.

रक्ताच्या कर्करोगात यशस्वी झालेला हा उपचार स्तन, यकृत, मेंदू यांतल्या भरीव गाठींना पुरेसा लागू का पडला नाही, याचे एक मोठे कारण हेच आहे. गाठीवरची खूण अनेकदा निरोगी अवयवांवरही असते. तलवार धारदार आहे, पण गर्दीत चालवायची आहे.

हे वाचताना मला वेरूळचे सोळावे लेणे आठवत राहिले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कैलास मंदिर वरून खाली कोरत आणले गेले. एकच अखंड खडक. त्यात ताकद कुणीही लावील. पण बांधकामात चुकलेली वीट काढून दुसरी बसवता येते, कोरीव कामात गेलेला दगड परत येत नाही. म्हणून छिन्नी चालवणाऱ्याचे खरे कसब हात कुठे थांबवायचा, यात होते. कार-टी पेशीला हवे होते ते नेमके हेच कसब.

आणि इथे ध्वनी पुन्हा कथेत येतो. पण त्याच्या मदतीला एक माशी धावून आली. १९६०च्या सुमारास इटलीतले फेरुच्चो रिटोसा हे शास्त्रज्ञ फळांवरच्या माशीचा अभ्यास करत होते. एकदा ज्या पेटीत नमुने ठेवले होते तिचे तापमान कुणीतरी चुकून वाढवले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात तर गुणसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे! उष्णता वाढताच काही खास जनुके जागी झाली होती. एका नामांकित नियतकालिकाने हा शोध महत्त्वाचा नाही म्हणून परत पाठवला. १९६२ साली तो दुसरीकडे छापून आला. पुढे कळले की ही सोय माशीतच नाही, माणसासकट जवळजवळ सगळ्या सजीवांत आहे. पेशीला चटका बसला की स्वतःला सावरण्यासाठी ती ही जनुके चालू करते. म्हणजे प्रत्येक पेशीत उष्णतेवर चालणारे एक बटण निसर्गानेच बसवलेले आहे.

आता सगळे धागे एकत्र येतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथे यिंगशिआव वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी पेशीतला तो कृत्रिम हूक या उष्णतेच्या बटणाला जोडला. अशी पेशी शरीरात सोडली तरी ती एरवी स्वस्थ असते, कारण तिच्या अंगावर हूकच नसतो. मग गाठीवर बाहेरून श्राव्यातीत ध्वनीचा नेम धरायचा. तिथले तापमान थोडा वेळ ४३ अंश सेल्सियसपर्यंत न्यायचे. त्या जागेतल्या पेशींचे बटण दाबले जाते, हूक तयार होतो आणि लढाई सुरू होते, फक्त तिथे. ध्वनी थांबला की काही काळाने हूक ओसरतो. साध्या तापाने हे बटण दाबले जाऊ नये म्हणून उंबरठा वर ठेवलेला आहे. २०२१ साली हे काम प्रसिद्ध झाले. त्याआधी, २०१८ साली, याच गटाने दुसरी वाट दाखवली होती. त्यात उष्णता नव्हती. ध्वनीच्या थरथरीचा स्पर्श ओळखणाऱ्या ‘पिझो’ नावाच्या प्रथिनाचा उपयोग त्यांनी केला होता. स्पर्शाच्या याच प्रथिनाच्या शोधासाठी आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २०२५ साली वांग यांच्या गटाने आणखी पुढची आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यात थोड्या मिनिटांच्या ध्वनीने जागी झालेली पेशी काही दिवस लढत राहते आणि गाठीचा संपर्क संपला की निवते.

मग ध्वनीच का, प्रकाश का नाही, औषध का नाही? प्रकाश कातडीखाली फार खोल जात नाही. औषध रक्तातून सगळीकडे जाते. ध्वनी खोल जातो आणि एका जागी गोळाही करता येतो. पण त्यालाही मर्यादा आहेत. हाड आणि हवेने भरलेले फुप्फुस त्याची वाट अडवतात. कर्करोग अंगभर पसरला असेल तर किती ठिकाणी नेम धरणार? आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मी सांगितलेले हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. उंदीर बरा होणे आणि माणूस बरा होणे यांत मोठे अंतर असते. कर्करोगाच्या इतिहासात त्या अंतरात अनेक आशा बुडालेल्या आहेत. तेव्हा घरात रुग्ण असलेल्या कुणीही हे ऐकून डॉक्टरांनी सांगितलेला इलाज थांबवू नये, ही हात जोडून विनंती.

पण एक गोष्ट या कामात नवी आहे. आजवर ताकद आधी आली आणि लगाम मागून. इथे पेशीला ताकद देतानाच लगामही तिच्या पोटात शिवला जातो आहे.

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे वाटेल. तसे ते नाही. १९३१ साली मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी त्यांच्या नावे या रोगाच्या संशोधनासाठी निधी उभारला आणि १९३२ साली तेही गेले. त्या दुःखातून पुढे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. मेहेरबाईंना जाऊन नव्वद वर्षे झाली त्या वर्षी, ४ जून २०२१ रोजी, टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर केंद्रात भारतातला पहिला कार-टी उपचार दिला गेला. पेशी घडवल्या होत्या पवईच्या आयआयटीत, डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने. टाटाच्या डॉ. गौरव नरुला आणि डॉ. हसमुख जैन यांनी त्या रुग्णांपर्यंत नेल्या. ऑक्टोबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी ‘नेक्सकार-१९’ या नावाने त्याला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. रक्ताच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांना इतर उपचार लागू पडले नव्हते, त्यांच्यातल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. सुमारे ७३ टक्के रुग्णांत उपचाराला प्रतिसाद मिळाला होता. हा उपचार अजून ध्वनीच्या लगामाचा नाही. पण ज्या घोड्याला तो लगाम घालायचा, तो घोडा महाराष्ट्रात तयार झाला आहे.

आता किमतीचे बोलू. अमेरिकेत कार-टी उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात. पवईच्या उपचाराची किंमत सुरुवातीला त्याच्या सुमारे एक दशांश, म्हणजे चाळीस लाखांच्या आसपास सांगितली गेली. कोटींचे लाखांवर आणणे ही मोठी कामगिरी आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण २०२४ साली वाढवून एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाले. पाच आणि चाळीस. या दोन आकड्यांमधली दरी कन्नड किंवा वैजापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने कशी ओलांडायची? आमच्या शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे आणि मराठवाड्यातल्याच नव्हे, खानदेश-विदर्भातल्या रुग्णांनाही त्याचा मोठा आधार आहे. तरीही अवघड दुखणे असले की रुग्ण फाइल काखेत मारून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. आमच्याकडे ‘दवा आणि दुवा’ असे जोडीने म्हणतात. ज्याच्याकडे दवेचे पैसे नसतात, त्याच्या वाट्याला नुसती दुवा उरते.

म्हणून मी या इतिहासाकडे पाहतो तेव्हा मला दोन लगाम दिसतात. एक पेशीच्या पोटात शिवलेला. तो शास्त्रज्ञ घडवत आहेत आणि त्यांना तो जमेलही. दुसरा लगाम म्हणजे ही ताकद कुणाला मिळेल, किती रुपयांना मिळेल, कुणाच्या गावापर्यंत येईल आणि तिच्यावर देखरेख कुणाची, हे ठरवणारा. तो कुठल्याच प्रयोगशाळेत तयार होत नाही. १९८८चा कायदा शास्त्रज्ञांनी आणला नव्हता. मोर्चे काढणाऱ्या बायकांनी, अर्ज लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि आपल्याच व्यवसायाविरुद्ध बोलणाऱ्या मोजक्या डॉक्टरांनी तो आणला. फक्त तो यंत्र गावोगाव पोचू लागल्यावर आला.

या वेळी आपल्या हातात थोडा वेळ आहे. ध्वनीने चालणारी पेशी अजून उंदरांच्या पिंजऱ्यापाशी आहे. ती माणसाच्या खाटेपाशी येईल तेव्हा सरकारी रुग्णालयात तिची सोय कशी होणार आणि विमा योजनेत तिला जागा कुठे, हे प्रश्न तेव्हा विचारून उपयोग नाही. ते आमदाराला, आरोग्य खात्याला, विद्यापीठाला आज विचारले पाहिजेत. त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. प्रश्न विचारायला बी.ए. पुरते, आणि न शिकलेल्या माणसालाही तो हक्क तेवढाच आहे.